वाचक विचारतात : मटेरियल सायन्सला दारं दोन

जून-जुलैत या सदराचं टपाल प्रवेशाच्या प्रश्नांनी फुगतं. यंदा त्यातली चार पत्रं मटेरियल सायन्स (पदार्थांचं शास्त्र) आणि मेटलर्जी (धातूंचं शास्त्र) यांबद्दलची निघाली. मी नोकरीची सगळी वर्षं ओतकामाच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळांमध्ये धातूचे तुकडे घासण्यात घालवली आणि आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहते. त्यामुळे संपादकांनी ही चारही पत्रं माझ्याकडे सरकवली.

प्रश्न : मी नुकताच बारावी झालो. आमचे घर साखर पेठेत असून यंत्रमागाचा लहान कारखाना आहे, टॉवेल विणतो. सीईटीचे गुण पाहता पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मेटलर्जी मिळेल असे वाटते, कॉम्प्युटर तिथे मिळणार नाही. सोलापुरात राहिलो तर कॉम्प्युटर मिळेल. वडील म्हणतात, ‘लोखंड शिकून काय भट्टीवर उभा राहणार का?’ या शाखेत नेमके काय शिकवतात, नोकरी कुठे मिळते, आणि पुढे सोलापूरला परत येता येईल का?

उत्तर : भट्टीजवळ उभं राहावं लागतंच, हे वडिलांना आधीच सांगून टाक. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी. ज्या मेटलर्जिस्टनं वितळलेल्या धातूचा रस लॅडलमधून (ओतायच्या भांड्यातून) साच्यात पडताना पाहिलेला नाही, त्याच्या अहवालावर मी तरी सही करणार नाही. पण तिथं उभा असलेला माणूस काय करत असतो, हे वडिलांना कुणी सांगितलेलं नसावं.

आपल्या गावातलंच उदाहरण घे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही 1992 साली सुरू झालेली कंपनी देशातल्या आणि बाहेरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातल्या झडपा वेळच्या वेळी उघडणारा दांडा. त्याच्यावर जे उंचवटे असतात त्यांना लोब म्हणतात. ते अखंड घासले जातात, म्हणून कठीण हवेत. बाकीचा दांडा मात्र यंत्रावर सहज कापला गेला पाहिजे आणि पटकन मोडताही कामा नये. आता गंमत बघ, हे दोन्ही भाग एकाच भट्टीतल्या एकाच रसातून, एकाच वेळी ओतायचे असतात.

कसं जमतं? वाळूच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. रस त्यांना टेकला की झटकन गार होतो. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, तीन-सव्वातीन टक्के कार्बन असतो. रस सावकाश गार झाला तर हा कार्बन ग्राफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा बसतो, आणि बीड करडं, कापायला सोपं होतं. झटकन गार झाला तर कार्बनला वेगळं व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी जोडलेलाच राहतो, सिमेंटाइट नावाचं संयुग बनतं आणि तेवढा भाग असा होतो की कानस नुसती घसरते. मिश्रण तेच, भट्टी तीच. फरक गार होण्याच्या वेगाचा. पदार्थ कसा घडवला यावरून त्याची आतली रचना ठरते, रचनेवरून गुणधर्म, आणि गुणधर्मांवरून तो कामात किती टिकेल ते. चार वर्षं तू हीच साखळी वेगवेगळ्या पदार्थांत शिकणार आहेस.

माझं रोजचं काम म्हणजे अशा लोबचा तुकडा कापायचा, एमरी पेपरवर जाड ते बारीक असा घासत न्यायचा, कापडावर पॉलिश करून आरशासारखा करायचा, मग नायटल लावायचं, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. जिथं पांढरं दिसायला हवं तिथं काळ्या पाकळ्या दिसल्या की समजायचं, काहीतरी बिनसलं. फोटो घेऊन खाली गेले की मोल्डिंगवरचा म्हातारा कारागीर म्हणायचा, “चिल नीट बसलं नव्हतं की ओ मॅडम, मी तवाच म्हणालो होतो.” त्याला सिमेंटाइट हा शब्द माहीत नव्हता, पण त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. त्याचं म्हणणं आणि माझा फोटो जुळला की त्या दिवशीच्या रिजेक्शनचं, म्हणजे नाकारलेल्या मालाचं, भांडण मिटायचं. या धंद्यात निम्मं ज्ञान असं खाली, वाळूत असतं. त्याच्याकडून शिकून घ्यायची तयारी नसलेला पदवीधर फार टिकत नाही.

आता अभ्यासाबद्दल. पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच जातं. पुढे थर्मोडायनॅमिक्स, स्फटिकांची रचना, फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला पदार्थाची रचना कशी असते त्याचा नकाशा), पोलाद आणि इतर धातू तयार करणं, उष्णतोपचार, वेल्डिंग, ओतकाम, गंज, पदार्थ मोडतात कसे हे सगळं येतं. जोडीला पॉलिमर, सिरॅमिक, कंपोझिट. लोखंड-कार्बन डायग्राम तू इतक्यांदा काढशील की झोपेतही 727 अंश, म्हणजे पोलादाची रचना बदलते ते तापमान, आठवेल. थर्मोडायनॅमिक्स मुलांना जड जातं, तिथं गळती होते. रसायन आवडत असेल तर तुला निभेल. गणित लागतं, पण मेकॅनिकलला लागतं तेवढंच.

आणि हे फक्त लोखंडाचं शास्त्र आहे असं समजू नकोस. तुमच्या मागावर धोट्याला फटका देणारा पिकर आहे ना? आजोबांना विचार, पूर्वी तो कातड्याचा असे. आता नायलॉनचा किंवा तशाच एखाद्या प्लास्टिकचा असतो. दिवसभर मार खाऊन तो फुटत का नाही, उन्हाळ्यात मऊ पडतो का, किती दिवसांत झिजतो, हेही मटेरियलचेच प्रश्न. तुमच्या कारखान्यात दर महिन्याला बदलावे लागणारे सुटे भाग कोणते, त्यांची एक यादी कर. शाखा आवडणार की नाही याचा त्यातून बऱ्यापैकी अंदाज येईल.

नोकरीचं सरळ सांगते. ओतकाम आणि फोर्जिंगचे कारखाने, उष्णतोपचाराची युनिट्स, पोलाद कंपन्या, मोटारीचे सुटे भाग करणारे, वेल्डिंग आणि तपासणी करणाऱ्या कंपन्या, अपघातानंतर ‘हे का मोडलं’ ते शोधणाऱ्या प्रयोगशाळा. सरकारी बाजूला सेल (पोलाद), नाल्को (ॲल्युमिनियम), डीआरडीओ (संरक्षण संशोधन), भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा. यातल्या बऱ्याच ठिकाणी गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेतल्या मेटलर्जी पेपरचे गुण उपयोगी पडतात, आणि त्या पेपरला बसणारी मुलं मेकॅनिकलच्या मानानं फार थोडी. सोलापूरकरांना पुणं-मुंबईच दिसते, पण मुंबईपेक्षा हैदराबाद आपल्याला जवळ आहे. रॉकेट आणि विमानांसाठी लागणारी खास मिश्रधातू बनवणारी ‘मिधानी’ तिथं 1973 पासून आहे. संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा तिथंच, पावडर मेटलर्जीचं (धातूच्या भुकटीपासून वस्तू घडवण्याचं) संशोधन केंद्रही तिथंच. इंटर्नशिपसाठी अर्ज करताना हे लक्षात ठेव.

पगार सुरुवातीला सॉफ्टवेअरपेक्षा कमी. यात लपवण्यासारखं काही नाही. कारखान्यात सहा दिवसांचा आठवडा, धूळ, आवाज. पाच-सात वर्षांनी मात्र चित्र बदलतं, कारण अनुभवी मेटलर्जिस्ट सहज मिळत नाही आणि रिजेक्शन खाली आणणारा माणूस मालकाला सोडवत नाही. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा एकच आकडा पाहू नकोस. मेटलर्जीतून नोकरी लागलेल्यांपैकी किती जण मेटलर्जीतच लागले, ते मागच्या वर्षीच्या मुलांना गाठून विचार. आमच्या शाखेतली बरीच मुलं कॅम्पसवरूनच सॉफ्टवेअरला जातात. त्यात गैर काही नाही, पण तेच करायचं मनात असेल तर चार वर्षं फेज डायग्रामशी झटापट कशाला? सरळ कॉम्प्युटर घे आणि घरचं जेवण जेव.

सोलापूरला परत येण्याबद्दल. जागा थोड्या आहेत, पण आहेत. कॅमशाफ्टचं सांगितलंच. किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना आहे. फताटेवाडीच्या एनटीपीसीत 660 मेगावॉटचे दोन संच आहेत, सुपरक्रिटिकल पद्धतीचे. तिथली वाफ साडेपाचशे अंशांच्या वर तापलेली असते, आणि इतक्या तापमानाला पोलाद वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलं की कणाकणानं ताणलं जातं. त्याला क्रीप म्हणतात. म्हणून अशा बॉयलरच्या नळ्यांना नऊ टक्के क्रोमियमचं पोलाद वापरतात, आणि त्यांची तपासणी हे कायमचं काम. शिवाय जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत. ऊस गाळणारे रोलर झिजतात, त्यांच्या दातांवर वेल्डिंगनं पुन्हा थर चढवावा लागतो, उसाच्या रसानं लोखंड खाल्लं जातं. माझ्या माहितीतला कुठलाही कारखाना यासाठी मेटलर्जिस्ट ठेवत नाही. कंत्राटदार येतो, अंदाजानं इलेक्ट्रोड निवडतो, हंगामात पुन्हा तेच. दहा वर्षांचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला इथं स्वतःचा धंदा उभा करता येईल असं मला फार दिवसांपासून वाटतं. अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

मी तुझ्या जागी असते तर पुण्याला गेले असते. आणि कॉम्प्युटरची आवड असेल तर ती तिकडे वाया जात नाही. आता नवी मिश्रधातू आधी संगणकावर जुळवून पाहतात आणि मग वितळवतात. पायथन ही संगणकाची भाषा येणारा मेटलर्जिस्ट अजून दुर्मीळ आहे.

प्रश्न : मी मंगळवेढ्याची. बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला मटेरियल सायन्स हा विशेष विषय घ्यावा असे मनात आहे. त्यावर नोकरी मिळते का? आणि मुलींना या क्षेत्रात घेतात का?

उत्तर : तुझं दार वेगळं आहे, ते आधी समजून घे. नाव तेच असलं तरी वरच्या मुलाला मिळणारी नोकरी तुला या पदवीवर मिळणार नाही. सेलची इंजिनिअरची जाहिरात किंवा कारखान्यातलं मेटलर्जिस्टचं पद बी.टेक. मागतं. केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठात, ज्या विषयाचा तू विचार करते आहेस, तिथं भर असतो पातळ थर, नॅनो पदार्थ, सौर घट, सेन्सर, सुपरकपॅसिटर यांच्यावर. हे दार संशोधनाकडे उघडतं. पाच-सात वर्षं अभ्यासात घालवायची तयारी असेल तर उत्तम. दोन वर्षांत हातात पगार हवा असेल तर बी.एड. किंवा दुसरं काही बघ. हे रुक्ष वाटेल, पण एम.एस्सी. झाल्यावर ‘आता काय’ म्हणून भेटायला येणाऱ्या इतक्या मुली मी पाहिल्यात की आधीच सांगितलेलं बरं.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून नेट आणि गेटची तयारी धर. नेटमधून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे पीएच.डी.साठी घरून पैसे आणावे लागत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, पाषाणला सी-मेट आहे, तिथं बॅटरीपासून इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांपर्यंत कामं चालतात. शेजारी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर जुनं आणि चांगलं काम झालेलं आहे. गेट देऊन मटेरियल्सच्या एम.टेक.ला जाणं हा दुसरा रस्ता. अनेक संस्था त्याला फिजिक्स-केमिस्ट्रीचे एम.एस्सी. घेतात, महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन असतं, आणि इंजिनिअरिंगच्या बाजूला उडी मारायचा हा एकमेव बरा पूल आहे. गुजरातेत साणंद, ढोलेरा इथं सेमीकंडक्टरचे प्रकल्प येताहेत. चिप बनवण्यात सिलिकॉनवर एकावर एक पातळ थर चढवणं हेच मोठं काम असतं, आणि प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं थर चढवून मोजलेली मुलगी तिथं उपयोगी पडते.

स्वतःच्या हातानं, यावर जोर देते. प्रकल्प निवडताना विषयाच्या भारी नावावर जाऊ नकोस. बरेच विद्यार्थी पावडर तयार करतात, दुसरीकडे पाठवतात, एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (अणूंची मांडणी सांगणारा) आलेख येतो, तो सॉफ्टवेअरला देतात आणि छापतात. कुठलं टोक कशामुळे आलं हे विचारलं की गप्प. तो आलेख हातानं सोडवायला शीक. तो ज्या सूत्रानं सोडवतात ते सूत्र देणाऱ्या लॉरेन्स ब्रॅगला 1915 चं नोबेल मिळालं तेव्हा तो 25 वर्षांचा होता, तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा.

मुलींबद्दल विचारलंस. माझ्या काळी कारखाना कायद्यानंच बायकांना रात्रपाळी बंद होती, आणि तेच कारण पुढे करून दिवसपाळीलाही नकार द्यायचे. एका मुलाखतीत मला ‘फाउंड्रीत बाईचं काय काम, पोरं कामाकडे बघायची नाहीत’ असं तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्या कारखान्यानं घेतलं, पण बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधायला त्यांना दोन उन्हाळे लागले. आता महाराष्ट्रात अटींसह रात्रपाळीची परवानगी आहे आणि प्रयोगशाळांमध्ये मुली भरपूर दिसतात. शॉप फ्लोअरवर अजून कमी. तू जाणार आहेस त्या संशोधनाच्या बाजूला प्रवेशाची अडचण येत नाही. अडचण येते ती पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, घरचे स्थळं बघायला लागतात तेव्हा. आई-वडिलांशी हे बोलणं आत्ताच करून ठेव.

प्रश्न : मुलाला एका खासगी विद्यापीठात बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजीला प्रवेश मिळतो आहे. फी बरीच आहे, कर्ज काढावे लागेल. समुपदेशक म्हणतात, ‘भविष्य नॅनोचेच.’ काय करावे? – एक पालक, बार्शी

उत्तर : कर्ज काढून तर मुळीच नको. नॅनो हे पदार्थाच्या आकारमानाचं माप आहे. त्या आकाराला काम करण्यासाठी आधी रसायन, भौतिकशास्त्र किंवा मेटलर्जी पक्की लागते. मुलाला मेटलर्जी, केमिकल किंवा चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. करू द्या, नॅनो पुढे एम.टेक.ला घेता येईल. नोकरीच्या जाहिरातीत आणि सरकारी परीक्षांच्या पात्रतेत जुन्या शाखांची नावं असतात. नव्या नावाची पदवी घेऊन ‘ही समकक्ष आहे’ असं सिद्ध करत फिरणं त्याच्या नशिबी येऊ नये.

तरीही जायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी प्रयोगशाळा पाहायला जा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे का एवढंच विचारू नका. तो चालू आहे का, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलाला त्यावर बसू देतात का, हे तिथल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा. समुपदेशकाला प्रत्येक प्रवेशामागे काय मिळतं, हेही विचारायला हरकत नाही.

प्रश्न : माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चिंचोळी एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेल्टिंगला तीन वर्षे आहे. लॅबमध्ये जायची इच्छा आहे, पण साहेब म्हणतात तुला मेटलर्जी येत नाही. घरची जबाबदारी आहे, नोकरी सोडता येणार नाही.

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं. तीन वर्षं मेल्टिंगला काढलेल्या मुलाला जे ठाऊक असतं ते बी.टेक.च्या मुलाला शिकवायला मला वर्ष लागायचं. भंगारात काय आलंय, कार्बन किती पडणार, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी रसात ठरावीक पूड मिसळणं) उशिरा झालं तर काय होतं, हे तू हातानं शिकला आहेस. कमी आहे ती त्यामागच्या शास्त्राची आणि कागदाची.

डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण त्यासाठी बहुधा नोकरी सोडावी लागेल, तेव्हा तो विचार सध्या बाजूला ठेव. तुझ्यासाठी दोन गोष्टी. पहिली, एनडीटीचं, म्हणजे माल न तोडता तपासण्याचं, लेव्हल टू प्रमाणपत्र. अल्ट्रासॉनिक, डाय पेनेट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल यांपैकी दोन घे. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण असतं, आणि फाउंड्रीबाहेर, वीज केंद्रं आणि वेल्डिंगच्या कामांवरही ते चालतं. आधी डोळे तपासून घे, कारण त्यात दृष्टीची अट असते आणि भट्टीवर काम करणारे चष्म्याची टाळाटाळ करतात. दुसरी, एनपीटीईएल. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोबाइलवर फुकट मिळतात. मेटलर्जीची ओळख, उष्णतोपचार, ओतकाम, सगळं आहे. इंग्रजीला घाबरू नकोस, भट्टीवरचे निम्मे शब्द तेच आहेत. परीक्षेची थोडी फी भरली की प्रमाणपत्र मिळतं.

साहेबांना ‘मला लॅबमध्ये घ्या’ म्हणू नकोस. पुढच्या महिन्यात ब्लो होलनं (आत अडकलेल्या वायूच्या पोकळीनं) रिजेक्ट झालेले पीस बाजूला काढ, प्रत्येकाचा हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक), ओतण्याचं तापमान, वाळूतला ओलावा आणि स्पेक्ट्रोचा (मिश्रण तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट एका वहीत शेजारी-शेजारी लिही आणि ती वही त्यांच्या टेबलावर ठेव. एनपीटीईएलचे कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. जुलैची नोंदणी उघडी असेल तर हा अंक मिळाल्या दिवशीच नाव घाल.